पाड्यावरचा कबड्डी संघ

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी केलेले भाषण)



बोलणे पंधरा मिनिटांत आटपा, असे मला सांगितले आहे. मी तीस वर्षे शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे शिट्टी वाजली की थांबायची सवय आहे. पाळकसाहेब, तुम्ही फक्त वेळेवर वाजवा.

दोन मंडळ्यांच्या तरुण संघांनी पत्र पाठवून विचारले आहे की, आपल्या भागात मुलामुलींसाठी खेळाचा संघ सुरू करायचा आहे, तर सुरुवात कशी करावी? त्याचे उत्तर मी माझ्या चुकेपासून सुरू करते.

माझ्या खोलीत पलंगाखाली पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात निळ्या रंगाच्या जर्सी आहेत. पाठीवर नंबर, छातीवर मिशनचे नाव. तुमच्यापैकीच काहींनी पैसे दिले म्हणून त्या आल्या होत्या, त्यामुळे त्यांचे पुढे काय झाले हे तुम्हाला कळायला हवे.

निवृत्तीनंतर मी जव्हार-मोखाड्याच्या बाजूला वसतिगृह सांभाळायला गेले. पावसाळ्यात संध्याकाळी शेजारच्या पाड्यावरच्या मुली अंगणात येऊन बसत. मला राहवेना. मी त्यांना कबड्डीला उभे केले. कबड्डीला काही लागत नाही, ना चेंडू, ना बॅट, ना जाळी. सात मुली मैदानात, पाच राखीव, अशा बारा निवडल्या. वेळ मी ठरवली, शिट्टी माझी, वही माझी. ऑक्टोबरात तालुक्याच्या गावी एक स्पर्धा खेळून, सपाटून हरून आलो. तरी मी खूश होते. या वार्तापत्रात आमचा फोटोही आला होता.

मग दिवाळी झाली आणि पाड्यावर ट्रक आला.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडची माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडे. मुकादमाचा बयाणा पावसाळ्यातच उचललेला असतो. घरातले भात संपलेले असते, कोणाचे आजारपण असते, कोणाचे लग्न. तो बयाणा फेडायला आईबाप जातात आणि मुलांना मागे कुठे ठेवणार, म्हणून मुलेही जातात. होळीला चार दिवस घरी यायचे, पुन्हा भट्टी, आणि पाऊस तोंडावर आला की परत. एका आठवड्यात माझ्या बारांपैकी सात मुली गेल्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातली एक जण दारात आली. सगळ्यात चांगली चढाई तिचीच. जर्सी धुऊन, घडी घालून तिने पुढे धरली आणि म्हणाली, "बाई, ही तुमची."

मी म्हटले, "अगं, राहू दे तुझ्याकडे." ती म्हणाली, "तिकडं मातीत खराब होईल. तुमची हाय ना ती."

ती गेली आणि मी जर्सी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मुलगी खरेच बोलली होती. त्या संघात त्यांचे काय होते? जागा वसतिगृहाची, नाव मिशनचे, वेळ माझी. त्या पाहुण्या म्हणून येत होत्या आणि जाताना पाहुण्यांसारखी वस्तू परत करून गेल्या.

पुढचे दोन महिने मी कोणालाही खेळायला बोलावले नाही. संध्याकाळी काठी घेऊन पाड्यावर जाऊ लागले. त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसे आणि अगदी लहान पोरेच असतात. त्यांच्या ओट्यावर बसायचे, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या. तेव्हा कळले की पोलीस पाटलांच्या तरुणपणी चांदण्या रात्री भाताच्या मोकळ्या खाचरात हुतुतू रंगत असे. पाड्यावरच्या मुलांचा क्रिकेटचा संघ आहे, त्यांची वर्गणीची वही आहे, हेही मला तेव्हाच कळले. दीड वर्ष मी तिथून हाकेच्या अंतरावर राहत होते! आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे, पाड्यावरची एक सून आश्रमशाळेत असताना विभागापर्यंत कबड्डी खेळलेली होती. तान्हे बाळ मांडीवर घेऊन ती मला पकडीचे प्रकार सांगत होती. तेव्हापासून प्रशिक्षक ती आहे. मी नव्हे.

आता जागेचे सांगते, कारण संघ अडतात ते बहुधा जागेपाशी. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर लागतात, वर जाळी आणि चेंडू. मुलींच्या कबड्डीला १२ बाय ८ मीटर पुरतात, भोवती थोडी मोकळीक सोडली की झाले. तेवढीही सपाट जागा डोंगरात सहज मिळत नाही. समाजमंदिरामागे एक तुकडा होता, पण तिथे भाताच्या झोडणीच्या वेळी खळे पडते. आमचा भाग पाचव्या अनुसूचीतला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. म्हणून मी तोंडी परवानगीवर भागवले नाही. ग्रामसभेत विषय मांडला गेला, मांडणारी ती सूनच, आणि ठराव झाला: झोडणीच्या दिवसांत जागा खळ्याची, एरवी खेळाची. दोन ओळींचा ठराव, पण त्यामुळे पुढे एकदा कोणी तिथे लाकडे रचली, तेव्हा मला भांडावे लागले नाही. पाड्याने लाकडे उचलायला लावली.

माती मुरमाड होती. पडले की गुडघ्याचे सालटे निघायचे. सगळ्यांनी मिळून वीतभर खणले, दगड वेचले, ओढ्याकाठची मऊ माती चाळून टाकली, त्यात भाताचे तूस मिसळले. रेघा मारायला फक्की विकत आणावी लागते, आम्ही चुलीतली राख वापरतो. वाऱ्याने उडते, पण रोज नवी मिळते.

वेळापत्रक मी या वेळी केलेच नाही. पाड्याने केले. ज्येष्ठ-आषाढात नांगरणी, पेरणी, मग आवणी. त्या दिवसांत मुली चिखलात कमरेत वाकून असतात, त्यांना संध्याकाळी पळायला सांगणे हे पाप. आवणी उरकली की श्रावणापासून कापणीपर्यंत सराव. दिवाळीनंतर जे मागे राहतील ते लहान मुलांना शिकवतील. आणि मोठी स्पर्धा होळीत, कारण तेव्हा सगळे घरी असतात. शहरातल्या स्पर्धा हिवाळ्यात असतात. आमची हुकमी मुले तेव्हा भट्टीवर. म्हणून आम्ही मोठ्या स्पर्धांत फार चमकत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

नियम लिहायला बसलो तेव्हा मी म्हटले, तीन महिने गैरहजर राहिल्यास नाव कमी करावे. असे नियम सगळ्या क्लबांत असतात. तेव्हा अध्यक्षबाई पहिल्यांदा बोलल्या. अध्यक्ष आहेत एक आजी. त्यांनी आयुष्यात एकही स्पर्धा पाहिली नव्हती, पण सारा पाडा त्यांना टरकून असतो. त्या म्हणाल्या, "भट्टीवर गेलेल्याचं नाव कापायचं नाय." बाकी नियम दोनदा बदलले. तो तसाच आहे.

खजिनदार म्हणून बचत गटाचे हिशेब ठेवणारी ताई घेतली. माझे ऐकाल तर, तुमच्या गावात बचत गट असेल तर खजिनदार तिथूनच घ्या. तिला वही कशी लिहितात हे शिकवावे लागत नाही आणि तिच्याकडे उसने मागायची कोणाची हिंमत होत नाही. वर्गणी महिन्याला ५ रुपये. ज्याच्याकडे रोकड नसेल त्याने सुगीला एक शेर नागली द्यायची. पहिल्या वर्षी रोख जमली ३८५ रुपये आणि नागली दोन गोण्यांच्या आसपास. मला वाटले, नागलीचे करायचे काय? होळीच्या स्पर्धेत बाहेरून आलेल्या संघांना त्याच नागलीच्या भाकऱ्या वाढल्या. दर महिन्याचा जमाखर्च समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहितात. ज्याला वाचता येत नाही तो नातवाकडून वाचून घेतो.

एक गोष्ट मी सांगणार नव्हते. पण पत्र लिहिणारी मुले तरुण आहेत, उत्साही आहेत, मीही तशीच होते, म्हणून सांगते.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात एका दुपारी सराव चालू होता. प्रशिक्षक माहेरी गेली होती, म्हणून शिट्टी माझ्या हातात होती. माझी जुनी सवय, खेळाआधी मैदानाला दहा फेऱ्या. एक मुलगी सातव्या फेरीला थांबली, मांडी धरून खाली बसली आणि रडू लागली. पडली नव्हती, कुठे खरचटले नव्हते. मी म्हणाले, "उठ, नाटकं करू नकोस." ती उठली. आणखी एक फेरी मारली आणि आडवी झाली. आम्ही तिला जीपमध्ये घालून आधी आरोग्य केंद्रात आणि तिथून जव्हारच्या दवाखान्यात नेले. रक्त तपासले तेव्हा सिकलसेलचा आजार निघाला. अशा मुलांना पाणी कमी पडले, अति दमणूक झाली, तर अंग मोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. जिवावरही बेतू शकते. चार दिवस मी तिच्या खाटेशेजारी होते. तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

हा आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो हे मी वाचलेले होते. १ जुलै २०२३ रोजी सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, तिची पत्रके आमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर मीच चिकटवली होती. पण खेळायला उभे करताना एकाही मुलीचे रक्त तपासून घ्यावे हे मला सुचले नाही. आता आधी आरोग्य केंद्रात तपासणी, मग मैदान. हिमोग्लोबिनही पाहतात. दहा फेऱ्या बंद. माठ मैदानाच्या कडेला असतो आणि शिट्टी पाणी पिण्यासाठीही वाजते. सराव ऊन उतरल्यावर. त्याआधी प्रत्येकीला मूठभर चणे आणि गुळाचा खडा, कारण बहुतेकींच्या पोटात सकाळच्या भाकरीनंतर काही नसते. ती मुलगी आता गुणलेखक आहे. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळे तिच्या वहीत. पंचांची बेरीज चुकली तर उभी राहून सांगते. खेळत नाही याचे तिला वाईट वाटते, हे मला दिसते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मुलींना पाठवायला वडील सहजी तयार झाले नाहीत. कपड्यांचा प्रश्न होता, तो सोपा निघाला. मुली पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाली लेगिंग घालून खेळतात. परगावी जाताना दोन बाया सोबत असल्याशिवाय गाडी हलत नाही आणि मुक्काम टाळतो. हा नियम तुम्हीही करा, आणि मुलांच्या संघासाठीही करा. पण एका बापाचा प्रश्न वेगळा होता. मी त्याला कविता राऊतचे उदाहरण दिले. घाटापलीकडे त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात तिला कांस्यपदक मिळाले, आणि त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्याच ग्वांगझूत बायकांची कबड्डी आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आली आणि आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकले. मी रंगात येऊन सांगत होते. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "बाई, माझी पोर कुठवर जाईल?" मला उत्तर सुचेना. प्रशिक्षक म्हणाली, "काका, कुठं नाय जाणार. अंधार पडायच्या आत घरी येईल." तो हसला आणि मुलगी यायला लागली.

होळीची पहिली स्पर्धा आठ संघांची झाली. आमच्याकडे अशा स्पर्धांना बोकडाचे बक्षीस लावतात, मग रात्री बोकड आणि दारू दोन्ही. आजींनी सांगितले, बक्षीस पातेल्याचे. मोठे जर्मनचे पातेले, लग्नकार्याला साऱ्या पाड्याच्या उपयोगी पडेल असे. मुले नाराज झाली, पण आजींपुढे कोण बोलणार? उपांत्य सामन्यात भांडण झाले. चढाई करणाऱ्या मुलीचा पाय निदान रेषेपलीकडे गेला की नाही, यावर दोन पाड्यांची माणसे मैदानात उतरली. राखेची रेघ तोवर पुसली गेली होती, आणि पंच आमच्या पाड्याचा होता. मग कोण ऐकणार? तो संघ निघून गेला आणि पुढच्या वर्षी आलाच नाही. चूक आमची होती. तेव्हापासून पंच तिसऱ्या गावचे बोलावतो आणि निदान रेषेवर राखेऐवजी चुना टाकतो. आणखी एका वर्षाने तो संघ परत आला, पण पहिल्या दिवशी आमच्यात जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला.

नोंदणीचे तरुण मित्रांनी खास विचारले आहे. नोंदणी करा, पण घाई करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद लागतात. महाराष्ट्रात ते काम धर्मादाय कार्यालयात होते आणि त्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो. म्हणजे दर वर्षी हिशेब तपासून द्यायचे, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज भरायचा. हे न करणाऱ्या संस्थांचे पुढे फार हाल होतात. आम्ही दोन वर्षे ग्रामसभेचा ठराव, हजेरीपट आणि रोजकीर्द एवढ्यावर चाललो. वह्या नीट होत्या, म्हणून नोंदणी सोपी गेली. जिल्हा संघटनेकडे खेळाडू नोंदवताना मात्र वयाचे दाखले लागतात. आमच्या संघातल्या बारांपैकी सात जणींचा वाढदिवस १ जूनला! मुले घरी जन्मली आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. तिथले कारकून वर पाहून म्हणाले, "काय हो, सगळ्या जुळ्या का?" तेव्हा जन्मदाखले आधीच काढायला घ्या, त्याला स्पर्धेपेक्षा जास्त दिवस लागतात.

आता तुमच्याकडे मागणे. जर्सी पाठवू नका. बूट नकोत. मॅट तर नकोच, आमच्या पावसात ती ठेवायची कुठे? चणे आणि गूळ हवा आहे, वर्षभराचा. परगावी जाताना जीपचे भाडे हवे आहे. आणि दिवाळीनंतर ज्या मुलींना आजीजवळ मागे राहायचे आहे, त्यांच्या जेवणाला हातभार हवा आहे. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना स्थलांतरितांच्या मुलांसाठीच आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या मागे लागून ती आमच्याकडे सुरू झाली, पण ती जानेवारीत उघडली आणि ट्रक नोव्हेंबरात गेला. मधल्या दोन महिन्यांचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी संघातल्या चार मुली मागे राहिल्या. पाच गेल्या. संघामुळे भट्टी सुटते असे मी तुम्हाला सांगणार नाही. बयाणा फिटल्याशिवाय भट्टी सुटत नाही.

या होळीला मला कोणी बोलावले नव्हते. तारीखही मला दुकानात कळली. गेले, बांधावर बसून सामने पाहिले, भाकरी खाल्ली. मुलींच्या अंगात हिरव्या जर्सी होत्या, छातीवर पाड्याचे नाव. वर्गणीतून आणि एक हंगामभर मोहाची फुले वेचून त्यांनी पैसे उभे केले होते. ज्या मुलीने मला निळी जर्सी परत दिली होती, ती आदल्या रात्री भट्टीवरून टेम्पोने आली होती. टाचांना भेगा पडलेल्या, केस विटांच्या धुळीने तांबूस झालेले. प्रशिक्षकाने हजेरीपट उघडला, नाव होतेच, पुढे फक्त 'हजर' लिहिले. दोन सामने ती खेळली. अंतिम सामन्याआधी मुकादमाचा टेम्पो आला आणि तिला निघावे लागले. तिच्या जागी राखीव मुलगी उतरली. आमचा संघ तीन गुणांनी हरला आणि पातेले शेजारच्या पाड्याने नेले.

टेम्पो माझ्यासमोरून गेला. हिरवी जर्सी तिच्या अंगातच होती. तिने ती काढून दिली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.